पास्त्याचा सॉस घरच्या घरी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात साधा टोमॅटो सॉस दिला होता. अर्धा किलो टोमॅटो, लसणाच्या चार पाकळ्या, तीन मोठे चमचे तेल, मीठ आणि मंद गॅसवर वीस-पंचवीस मिनिटं, बास एवढंच. त्यावर सातारा-सांगलीकडून भरपूर प्रश्न आले. बरेचसे सारखेच होते म्हणून एकत्र करून घेतलेत, आणि जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जरा सविस्तर लिहिलंय.

ताई, सॉस करून बघितला पण फार आंबट झाला, मग साखर घातली तर गोडूस झाला आणि कच्चट वास काही गेला नाही. हॉटेलात मिळतो तसा दाट आणि चवदार का होत नाही? अजून काय काय घालायला पाहिजे? — एक गृहिणी, कराड

घालायचं काय ते नंतर बघू, आधी शिजवायचं कसं ते सांगते कारण नव्वद टक्के पत्रांत अडचण तिथेच दिसतेय. आपण आमटी-भाजी करताना मसाला तेल सुटेपर्यंत परततो की नाही, मग सॉसच्या वेळी एवढी घाई का करतो कळत नाही, टोमॅटो मिक्सरला फिरवले, कढईत ओतले, पाच मिनिटं रटरटवले आणि गॅस बंद. त्या वेळात पाणी आटतच नाही, आणि पाणी आटलं नाही तर गोडवा पण वर येत नाही आणि कच्चट वास पण तसाच राहतो.

टोमॅटो घेताना लांबट, कडक आणि गर जास्त बिया कमी असलेले घ्या, पूर्ण लाल पिकलेले. घरी आणून दोन दिवस टोपलीत बाहेरच राहू द्या, फ्रीजमधे ठेवलं की त्यांचा वास मरतो. गावरान गोल टोमॅटो सारासाठी छान पण सॉसला फार आंबट पडतात, घ्यायचेच असतील तर निम्मे निम्मे घ्या. साल काढायला उकळत्या पाण्यात टाका वगैरे सगळे सांगतात पण त्याहून सोपं म्हणजे टोमॅटो आडवा अर्धा कापायचा आणि कापलेली बाजू किसणीवर घासायची, गर खाली पडतो आणि साल हातात राहते. मिक्सरमधे बिया फुटल्या तर कडवटपणा येतो आणि हवा भरून सॉस लाल ऐवजी केशरी दिसतो, म्हणून मी मिक्सर टाळते.

आता भांडं. पसरट घ्या, कढईपेक्षा फ्राय पॅन किंवा पसरट पातेलं बरं, पाणी लवकर उडतं. तेलात बारीक चिरलेला कांदा, चिमूटभर मीठ घालून मंद गॅसवर दहा-बारा मिनिटं, रंग बदलायच्या आधी तो पारदर्शक आणि मऊ झाला पाहिजे. त्यातच अर्धं गाजर बारीक किसून घातलं तर साखरेची गरजच पडत नाही, गाजराचा गोडवा सॉसमधे मुरतो आणि वेगळा कळत नाही. लसूण कांद्यानंतर, आणि करपू द्यायचा नाही, करपलेला लसूण अख्खा सॉस कडू करतो. मग टोमॅटो, आणि झाकण न ठेवता अर्धा तास. कडेने तेल दिसायला लागलं, चमच्याने पॅनचा तळ ओढला की वाट राहिली, की झाला.

एवढं करूनही आंबट लागला तर साखरेच्या आधी खायचा सोडा वापरून बघा, अर्ध्या किलोला अगदी चिमूटभर. साखर आंबटपणा फक्त झाकते, सोडा आम्ल खरंच कमी करतो. घातल्यावर फेस येईल, घाबरू नका, ढवळा, बसतो. जास्त पडला तर साबणासारखी चव येते म्हणून हात आखडता ठेवा. आणि शेवटी गॅस बंद करून एक चमचा लोणी. लोण्याने आंबटपणा पण गोल होतो आणि सॉसला चकाकी येते.

आता "अजून काय घालायचं" याचं उत्तर. सॉस भरलेला, तोंडात रेंगाळणारा लागतो तो ग्लुटामेट नावाच्या घटकामुळे, १९०८ साली जपानमधे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी ही चव वेगळी काढून तिला उमामी नाव दिलं. पिकलेल्या टोमॅटोत ते मुळातच असतं, जुन्या मुरलेल्या चीजमधे भरपूर असतं, मशरूममधे असतं, सोया सॉसमधे असतं. म्हणजे आपल्याकडे सहज मिळणाऱ्यातलं बघायचं तर शंभर-दीडशे ग्रॅम बटन मशरूम एकदम बारीक चिरून कांद्याच्या आधीच तेलात टाका, पाणी सुटेल, ते सगळं आटून मशरूम तांबूस होईपर्यंत परता. किंवा टोमॅटोबरोबर अर्धा चमचा सोया सॉस, त्याचा वास येत नाही फक्त चव खोल होते, मीठ मात्र त्या हिशोबाने कमी. टोमॅटो पेस्ट असेल तर एक चमचा आधी तेलातच परतून गडद होऊ द्या मग बाकीचं घाला. यातलं एका वेळी एकच करा. सगळं एकदम घातलं की टोमॅटोच हरवतो, आणि ओरेगॅनोची चार पाकिटं रिकामी करून तर काहीच साधत नाही.

रूमवर इंडक्शनवर पास्ता करते. थंड पाण्याने धुवून, तेल लावून ठेवते तरी गोळा होतो आणि सॉस वेगळाच तळाला राहतो, पास्ता फिका लागतो. — विद्यार्थिनी, मिरज

अगं धुऊच नकोस. पास्त्याच्या अंगावर जो चिकटपणा असतो तो स्टार्च, सॉस धरून ठेवायचं काम तोच करतो, तू तो धुतेस आणि वर तेल लावतेस म्हटल्यावर सॉस घसरणारच. पाण्यात तेल घालायची पण गरज नाही, ते वरच तरंगतं. शंभर ग्रॅम पास्त्याला साधारण एक लिटर पाणी, आणि लिटरला दहा ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे जवळजवळ दोन सपाट चमचे. जास्त वाटेल पण बहुतेक मीठ पाण्यातच राहतं, आणि पास्ता आतून खारवायची संधी तेवढीच असते, नंतर वरून मीठ घालून फिकेपणा जात नाही. पहिली दोन मिनिटं ढवळत राहा, गोळा तेव्हाच होतो.

पाकिटावर समज दहा मिनिटं लिहिलंय तर आठव्या मिनिटाला काढ, आणि काढायच्या आधी ते पांढुरकं पाणी एक वाटीभर बाजूला ठेव. हे पाणी ओतून देणं म्हणजे अर्धा सॉस ओतून देणं. सॉस दुसऱ्या पॅनमधे गरम असला पाहिजे, त्यात पास्ता टाक, पळीभर ते पाणी घाल आणि मोठ्या आचेवर दोन मिनिटं हलवत राहा. पाण्यातला स्टार्च तेल आणि पाणी एकत्र बांधतो, सॉस दाटसर होऊन प्रत्येक तुकड्याला चिकटतो. तुझ्याकडे इंडक्शन एकच असेल तर आधी सॉस करून झाकून ठेव, मग पास्ता उकड, पाणी काढून घे, त्याच भांड्यात सॉस परत घालून शेवटची दोन मिनिटं दे.

हे जमलं की तुला टोमॅटोचीही गरज नाही. रोममधे नुसत्या किसलेल्या चीजमधे, मिरपुडीत आणि ह्या पाण्यात सॉस करतात, आणि नेपल्सकडे लसूण, तेल, लाल मिरची आणि हेच पाणी. महिन्याच्या शेवटी रूमवर करायला लसूण-मिरचीवाला एकदम बेस्ट आहे, दोघींना सहा-सात पाकळ्या पातळ कापून कोमट तेलापासूनच मंद आचेवर सुरुवात कर म्हणजे करपणार नाही.

आमच्याकडे चातुर्मासात कांदा, लसूण, गाजर, बटाटा काहीच चालत नाही, पालेभाज्याही बंद. नातवंडं पास्ता मागतात. चव कशी आणायची? आणि परदेशी चीज चालेल का? — आजी, सांगली

आजी, नमस्कार. तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण कांदा-लसणाशिवाय सॉस होत नाही असं उगाच सगळे धरून बसलेत. टोमॅटो, लोणी, मीठ एवढ्यावरच सुंदर सॉस होतो, फक्त गोडवा आणि दाटपणा दुसरीकडून आणायचा. लाल सिमला मिरची घ्या, गॅसवर वांग्यासारखी भाजा, झाकून ठेवा, साल काढा आणि गर टोमॅटोत घाला. नाहीतर लाल भोपळ्याची वाटीभर फोड वाफवून कुस्करून घाला, रंग पण खुलतो आणि मुलांना कळत पण नाही. सुरुवातीला लोण्यात किंवा तुपात अगदी कणभर हिंग, चार मिरी दाणे ठेचून. दाटपणाला आठ-दहा काजू भिजवून वाटलेले.

चीजचं मात्र नीट लक्ष द्या. इटलीतलं खरं पार्मेजान, म्हणजे पार्मिजानो रेजानो, वासराच्या पोटातल्या रेनेटनेच (म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाने) करतात, त्यांच्या नियमातच तसं आहे, त्यामुळे ते शाकाहारी नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या चीजवर हिरवा ठिपका बघून घ्या, त्यात रेनेट सूक्ष्मजीवांपासून केलेलं असतं. तेही नको वाटलं तर पावाचा चुरा थोड्या तुपात कुरकुरीत भाजून वरून घाला. दक्षिण इटलीत ज्यांना चीज परवडायचं नाही ते हेच करायचे, आणि खरं सांगू, काही सॉसवर मला चीजपेक्षा तेच आवडतं.

आमचा कांदा लसूण मसाला घातला तर चालेल का? — विटा

चालेल पण अर्धा चमच्याच्या वर नको, आणि तो कांदा परतल्यावर तेलातच घाला, शेवटी वरून नको. त्यातलं लवंग, दालचिनी, दगडफूल, खोबरं पुढे येतं आणि मग ती आमटी होते. तिखटच हवं असेल तर ब्याडगी मिरची भिजवून वाटा, रंग छान येतो, आणि तिखटपणाला एखादी संकेश्वरी. रोमकडच्या अराबियाता सॉसमधे तरी काय असतं, टोमॅटो, लसूण, सुकी लाल मिरची.

पिंक सॉस करताना दूध घातलं की फुटतो. घरची साय वापरली तर लोण्यासारखी गुठळी झाली. — वाई

टोमॅटो आंबट, त्यात दूध पडलं की दुधातलं प्रोटीन गोळा होतं, पनीर करताना आपण मुद्दाम हेच करतो ना. क्रीममधे फॅट जास्त आणि प्रोटीन कमी म्हणून ते टिकतं, पण आपल्याकडची पाकिटातली फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के फॅटची असते, ती उकळत्या सॉसमधे घालून रटरटवली तर तीही फुटते. त्यामुळे गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग क्रीममधे आधी एक पळी सॉस मिसळून ते सगळं परत पॅनमधे घाला.

साय घ्यायची तर ताजी, आंबूस वास न आलेली. दोन चमचे दुधाबरोबर नुसत्या चमच्याने फेटा, मिक्सरला लावली तर लोणी निघणारच. आणि सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे व्हाइट सॉस वेगळा करून टोमॅटो सॉसमधे मिसळायचा, त्यातल्या मैद्यामुळे दूध फुटत नाही. एक मोठा चमचा लोणी, एक मोठा चमचा मैदा, मंद आचेवर दोन मिनिटं परतायचं पण लाल करायचं नाही, मग एक कप दूध थोडं थोडं घालत ढवळायचं, एक उकळी येऊन दाट झालं की मीठ, मिरपूड आणि जायफळ किसून. जायफळ विसरू नका, पुरणपोळीच्या डब्यात असतंच. मग दोन वाट्या टोमॅटो सॉसला एक वाटी व्हाइट सॉस.

आमच्याकडे घरचा बेदाणा भरपूर आहे. गोड सोडून कशात वापरता येईल? पास्त्यात कुणी घालतं का? — द्राक्षबागायतदार, तासगाव

घालतात आणि फार छान लागतो! सिसिली बेटावर पालेर्मो गावात फ्लॉवर, बेदाणा, पाइन नट्स, केशर आणि खारवलेले छोटे मासे घालून पास्ता करतात, वरून भाजलेल्या पावाचा चुरा. सिसिलीवर नवव्या ते अकराव्या शतकात अरबांचं राज्य होतं, तिखट-खारटात बेदाणा घालायची ही सवय त्यांच्याकडून आली असं मानतात. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालंय पण आपण तो शिऱ्यात नाहीतर खिरीत टाकतो आणि बाकीचा व्यापाऱ्याला देतो, ह्या सॉसमधे एकदा करून बघाच, मला स्वतःला टोमॅटो सॉसपेक्षा हा जास्त आवडतो.

एका मध्यम फ्लॉवरचे तुरे काढा आणि ज्या पाण्यात पास्ता उकडायचाय त्याच मिठाच्या पाण्यात आधी फ्लॉवर मऊ शिजवून झाऱ्याने काढून घ्या, त्या पाण्यात फ्लॉवरची चव उतरते. मूठभर बेदाणा कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजत ठेवा. तेल जरा सढळ, त्यात कांदा बारीक चिरून मऊ करा, मासे खात नसाल तर खारटपणाला अर्धा चमचा सोया सॉस. केशराऐवजी चिमूटभर हळद, तुमच्या जिल्ह्याचीच, पण खरंच चिमूटभर, नाहीतर भाजीची चव येते. मग फ्लॉवर घालून चमच्याने चेचत परता, पार मोडून क्रीमसारखा झाला पाहिजे, मधेमधे ते पास्त्याचं पाणी घालत राहा. शेवटी निथळलेला बेदाणा आणि पाइन नट्सच्या जागी भाजलेली चारोळी, ती दिसायला आणि चवीला बरीच जवळ जाते. शेंगदाणे पण चालतील, जाडसर कुटून. वरून तुपात भाजलेला पावाचा चुरा. एका घासात खारट, गोड, कुरकुरीत सगळं येतं. बेदाणा मात्र मूठभरच, वाटीभर घातला तर सगळं गोड होऊन बसेल.

वाघ्या घेवडा घालून पास्ता होईल का? मुलं नुसती उसळ खात नाहीत. — कोरेगाव

होईल, इटलीत तर घेवड्याचा पास्ता हा घराघरातला साधा पदार्थ आहे, तिथे बोर्लोत्ती नावाचा ठिपक्या-पट्ट्यांचा घेवडा वापरतात आणि तुमचा वाघ्या त्याच जातकुळीतला. रात्रभर भिजवा, पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात कुकरला मऊ शिजवा. कच्चट ठेवू नका, अर्धवट शिजलेल्या घेवड्याने पोट बिघडतं. निम्मा घेवडा त्याच्याच पाण्यात घोटून घ्या, हाच तुमचा सॉस, क्रीमची गरजच नाही. कांदा, गाजर, लसूण, एखादाच टोमॅटो, मग घोटलेला आणि अख्खा घेवडा, आणि छोटा पास्ता त्यातच शिजवा. पातळ आमटीसारखा ठेवा, गार होताना घट्ट होतो. वरून कच्च्या तेलाची धार, ऑलिव्ह ऑइल घरात असेल तर इथे वापरा, फोडणीला घालून वाया घालवू नका.

मटण खिम्याचा सॉस करतो, पण तो खिमा पावच लागतो. — सातारा शहर

कारण आलं-लसूण पेस्ट आणि गरम मसाला. इटलीतल्या बोलोन्या शहराच्या मांसाच्या सॉसची कृती १९८२ साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समधे रीतसर नोंदवून ठेवलीय, त्यात लसूण नाही, मसाला नाही. कांदा, गाजर, सेलरी, मांस, थोडा टोमॅटो, वाइन आणि दूध. तुम्ही मटण खिमा घ्या, आधी मोठ्या आचेवर कोरडा, तांबूस होईपर्यंत परता, मग बारीक चिरलेला कांदा-गाजर, टोमॅटो कमीच, आणि मंद आचेवर दोन तास, अधूनमधून अर्धा कप दूध थोडं थोडं घालत. सेलरी नसेल तर सोडून द्या. शिट्ट्या काढू नका, चव हळू आटण्यातून येते.

पास्ता मैद्याचा असतो म्हणून सासूबाई नको म्हणतात. — इस्लामपूर

पाकिटावर ड्युरम व्हीट सेमोलिना लिहिलेलं घ्या, तो ड्युरम गव्हाचा रवा असतो, मैदा नाही. ड्युरम हा खपली गव्हाच्याच कुळातला, सासूबाईंना हे सांगा, खपली त्यांना नक्की माहीत असेल.

तुळस घालून पेस्टो (ती इटालियन हिरवी चटणी) केला तर कडू झाला. — महाबळेश्वर रोड, पाचगणी

आपली तुळस त्यासाठी नाहीच, तिचा उग्रपणा जात नाही. पेस्टोला लागतं ते बेसिल, म्हणजे सब्जाचं झाड, तुमच्या भागात भाजीवाल्यांकडे ताजं मिळतं. मिळालं नाही तर कोथिंबीर आणि थोडा पुदिना, भाजलेले शेंगदाणे, एक लसूण पाकळी, चीज, तेल. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, गरम झाला की पानं काळी पडतात. आणि पेस्टो गॅसवर शिजवायचा नाही, गरम पास्त्यात कालवायचा फक्त.

टोमॅटोचा भाव पडला की क्रेटच्या क्रेट घरात पडून असतात. सॉस करून बाटल्या भरून ठेवल्या तर किती दिवस टिकेल? लसूण तेलात घालून पण ठेवायचा विचार आहे. — शेतकरी कुटुंब, फलटण

हे नीट वाचा. कांदा, लसूण, सिमला मिरची घातलेला सॉस बाटलीत भरून बाहेर कपाटात अजिबात ठेवू नका. टोमॅटो स्वतः आम्लाच्या काठावर असतो, बाकीच्या भाज्या आणि तेल घातलं की आम्ल कमी पडतं, आणि हवाबंद बाटलीत बोट्युलिझमचे, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात. त्यांचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत आणि वास-चवीवरून कळेलच असं नाही. तेलात बुडवून बाहेर ठेवलेल्या लसणाला पण हाच धोका आहे, तो फ्रीजमधेच ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

मग करायचं काय, तर नुसता टोमॅटोचा गर किसून किंवा शिजवून, मिठाशिवाय, निम्मा होईपर्यंत आटवा म्हणजे जागा कमी लागते. पूर्ण गार करून एका वेळेला लागेल तेवढा पिशवीत भरा, हवा दाबून काढा, पिशवी ताटात आडवी ठेवून फ्रीजरमधे टाका, पाटीसारखी चपटी गोठली की उभ्या रचता येतात. तीन महिने चव चांगली राहते. थोडा बर्फाच्या ट्रेमधे गोठवा, एखाद्या भाजीत एखादा तुकडा टाकायला बरा पडतो. काचेची बाटली वापरली तर वर दोन बोटं जागा सोडा, गोठताना फुगतो. लोडशेडिंगमधे पूर्ण वितळला आणि बराच वेळ कोमट राहिला असेल तर परत गोठवू नका, टाकून द्या. फक्त कडेने वितळला असेल आणि आतून बर्फ असेल तर त्याच दिवशी काढून शिजवा, कांदा-लसूण तेव्हा ताजा घाला.